भूतानच्या घरातलं चोशम: रोजची पूजा कशी चालते आणि पाहुण्याने काय पाळावं?

सांजवात
नमस्कार मंडळी. आम्ही मैत्रिणी पारोच्या छेचूच्या, म्हणजे तिथल्या वार्षिक उत्सवाच्या सुमारास भूतानला जाणार आहोत. पारो आणि बुमथांगला शेतकऱ्यांच्या घरी उतरायचं ठरलंय. अशा घरांत पाहुण्यांना पुष्कळदा चोशमच्या, म्हणजे त्यांच्या देवघराच्या खोलीतच गाद्या घालून देतात असं कळलं. घरातली सगळ्यात चांगली खोली तीच, म्हणून तो मान समजायचा. आपल्याकडे देवासमोर पाय पसरून झोपणं कुणाला पटणार नाही, त्यामुळे जरा धाकधूक आहे.

प्रवासी माहितीत 'बूट काढा, फोटो काढू नका' यापलीकडे काही मिळत नाही. चोशममध्ये काय काय असतं, त्या पाण्याच्या वाट्या कशासाठी, दिवा कोण लावतं, आपण काही अर्पण करायचं तर काय आणि कुठे ठेवायचं, आणि झोपायचं कसं? जाणकारांनी सविस्तर लिहावं, ही विनंती.

कौलारू
आधी खोलीची रचना. पारंपरिक घर दोन-तीन मजली. पूर्वी तळाला गुरं असत, मधे धान्य, वर माणसं. चोशम कायम वरच्या मजल्यावर, कारण पूजेच्या जागेवर कुणाचा पाय पडायला नको. लाकडी कोरीव कपाटासारखी मांडणी असते, तीन कप्प्यांची, रंगवलेली. मूर्ती बहुधा तीन: शाक्यमुनी बुद्ध, गुरु रिंपोछे (पद्मसंभव) आणि शबद्रुंग ङवांग नामग्याल. शबद्रुंग १६१६ साली तिबेटातून आले आणि त्यांनी भूतान एका सत्तेखाली आणला. त्यांची लांब पांढरी दाढी पाहिली की ओळख पटते.

नीट मांडलेल्या चोशममध्ये मूर्तीसोबत पोथी आणि लहानसा छोर्तेन, म्हणजे स्तूपही असतो. मूर्ती ही बुद्धाची काया, पोथी वाणी, छोर्तेन चित्त. आपण समोर उभे राहिलो की पोथी डावीकडे आणि छोर्तेन उजवीकडे. पोथ्या सुट्या लांबट पानांच्या, दोन फळ्यांत धरून कापडात बांधलेल्या असतात. त्या जमिनीवर ठेवत नाहीत आणि ओलांडत तर नाहीतच. खोलीत बॅग ठेवताना हे आधी बघा.

चैत्य
पाण्याच्या वाट्यांबद्दल मी लिहितो, कारण चोशमचं रोजचं खरं काम तेच.

वाट्या सात, किंवा सातच्या पटीत. मूळ उपचार आठ: अर्घ्य, पाद्य, पुष्प, धूप, दीप, गंध, नैवेद्य आणि शब्द. शब्द म्हणजे संगीत. ते वाटीत ठेवता येत नाही, म्हणून सात. रोजच्या पूजेत सातही वाट्यांत नुसतं पाणी चालतं. कारण साधं आहे. पाणी सगळ्यांना फुकट मिळतं, त्यामुळे देताना हात आखडत नाही आणि दिल्याचा तोराही येत नाही.

पद्धत अशी. सकाळी हात-तोंड धुऊन वाट्या कोरड्या स्वच्छ फडक्याने पुसायच्या. फडकं फक्त या कामाचं, ओटा पुसायचं नव्हे. रिकामी वाटी देवासमोर सुलटी ठेवायची नाही. त्यासाठी वाट्यांची चळत हातात धरतात आणि वरच्या वाटीत पाणी घेतात. थोडं तिच्यात ठेवून बाकीचं पुढच्या वाटीत ओततात, आणि पहिली वाटी डाव्या टोकाला मांडतात. तसंच पुढे. प्रत्येक वाटी तळाशी थोडं पाणी घेऊनच खाली येते. सातही मांडून झाल्या की डावीकडून उजवीकडे भरत जायचं. धार सुरुवातीला बारीक, मधे जाड, शेवटी पुन्हा बारीक, म्हणजे जवाच्या दाण्याच्या आकाराची. दोन वाट्यांत जवाच्या दाण्याएवढं अंतर, आणि पाण्याची पातळीही काठाखाली तेवढीच.

नवख्यांचं चुकतं ते इथेच. काठोकाठ भरलं की शेवटच्या वाटीपर्यंत पाणी सांडतं आणि लाकडाचा रंग फुगतो. वाट्या एकमेकींना चिकटल्या की एक उचलताना शेजारची हिंदकळते. भरताना वर वाकून बोलायचं नाही, श्वास पाण्यावर जाऊ द्यायचा नाही. म्हणून कित्येक जण तोंडासमोर उपरण्याचं टोक धरतात.

संध्याकाळी सूर्य मावळण्याआधी उजवीकडून डावीकडे रिकाम्या करायच्या, पुसायच्या आणि पालथ्या घालायच्या. पाणी झाडाला किंवा कुणी तुडवणार नाही अशा जागी. मोरीत नाही. बुमथांगसारख्या ठिकाणी हिवाळ्यात पाणी रात्रभर राहिलं तर गोठतं, त्यामुळे संध्याकाळचा नियम तिथे आपोआपच पाळला जातो.

मृदुगंध
किती नेमकं लिहिलंय! वाट्या कुठल्या धातूच्या घ्याव्यात? तांब्याच्या चालतात का?

चैत्य
तांबं, पितळ, चांदी सगळं चालतं. स्टीलच्याही पुष्कळ घरांत दिसतात. तांब्याची वाटी रोज पुसून कोरडी केली नाही तर पाण्याच्या रेषेवर हिरवट पुटं चढतात. साधं तांबं-पितळ असेल तर चिंच लावून निघतं. चांदीचा मुलामा दिलेल्या वाट्या मात्र घासणीने घासू नका, महिन्याभरात आतलं पिवळं दिसायला लागतं. सात वाट्या एकाच मापाच्या घ्या, नाहीतर पातळी कधीच सारखी दिसत नाही.

अभ्रक
दिव्याचं राहिलं. भूतानमध्ये त्याला कार्मे म्हणतात. उभ्या दांड्याचा पेल्यासारखा दिवा, तळाशी मधोमध बारीक भोक. वात आपल्या फुलवातीसारखी नसते. बांबूची किंवा गवताची काडी घेऊन तिच्यावर कापूस घट्ट वळतात, खाली जाड, वर निमुळता. काडीचं टोक तळाच्या भोकात रोवायचं आणि वात काठाच्या किंचित वर राहील एवढी ठेवायची. मग वितळवलेलं लोणी कोमट असताना ओतायचं आणि गोठू द्यायचं. गोठलं की वात सरळ उभी राहते. घरच्या लहान दिव्यात चाळीस-पन्नास ग्रॅम मावतं, पातळ वातीवर पाच-सहा तास सहज चालतं.

बिघडतं कुठे? लोणी नीट कढवलेलं नसेल तर त्यातलं पाणी तडतडतं आणि बेरी जळून काजळी धरते. वात जाड झाली तर ज्योत उंच जाते आणि वरच्या चित्रांवर काळं बसतं. वात कलून काठाला टेकली तर धातू तापतो, सगळं तूप पातळ होतं आणि पूर्ण पृष्ठभाग पेट घेतो. शेजारी शेजारी खेटून लावलेल्या दिव्यांतही हेच होतं. एकाची आच दुसऱ्याचं तूप वितळवते. म्हणून दिवे पत्र्याच्या परातीत आणि अंतर सोडून ठेवतात.

पेटवताना काडी थेट वातीला लावत नाहीत. एक वेगळी पेटती वात घेऊन तिने बाकीचे लावतात. विझवायला फुंकर मारत नाहीत, हे आपल्यासारखंच.

तांबूल
आता लोणी कमी आणि डालडा जास्त. भूतानच्या दुकानात वनस्पती तुपाच्या पुड्या 'दिव्यासाठी' म्हणूनच उचलल्या जातात. स्वस्त पडतं आणि वास येत नाही.

निळावंती
मला एक खटकतं. मोठ्या मंदिरात एकशे आठ, हजार असे दिवे लावतात. एवढं खाण्याचं तूप जाळायचं, शिवाय आगीची भीती. विजेचे दिवे का नाहीत?

अभ्रक
निळावंती, आगीची भीती तुम्ही म्हणता तशी खरीच आहे. पारोचं तकत्सांग, कड्यावरचं ते प्रसिद्ध मठमंदिर, १९ एप्रिल १९९८ ला जळलं आणि पुन्हा बांधून २००५ मध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली. वांगदू फोद्रांगचा झोंग, म्हणजे किल्लेवजा मठ, २४ जून २०१२ ला जळाला, तो २०२२ मध्ये पुन्हा उभा राहिला. लाकडी तुळया, कापडी थांका (पूजेची चित्रं), शतकांचे रंगांचे थर, असल्या इमारतीत आग हाताबाहेर जायला वेळ लागत नाही. म्हणूनच आता बऱ्याच ल्हाखांगांत, म्हणजे मंदिरांत, दिव्यांसाठी अंगणात काचेची वेगळी खोली असते. आत मुख्य मूर्तीपुढे एखाद-दुसरा आणि बाकीचे बाहेर. तुम्हाला दिवा लावायचा असेल तर तिथल्या भिक्खूंना विचारा, ते त्या खोलीकडेच पाठवतील.

विजेच्या माळा घरोघरी आहेत. पण मृत्यूनंतरचे दिवस, मोठं व्रत अशा वेळी खरी ज्योतच लावतात. देणाऱ्याने स्वतः वात वळली, तूप भरलं, यालाच तिथे अर्थ आहे. बटण दाबण्याला तो येत नाही, असं मला वाटतं.

नागवेल
नागपूरकर म्हणून स्पष्ट लिहितो. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांत श्राद्ध-पिंडदान करणार नाही अशी प्रतिज्ञा आहे. त्या वाटेने बुद्धाकडे आलेल्याला भूतानमधली कणकेची नैवेद्य-शिल्पं, मृतासाठी एकोणपन्नास दिवसांचे विधी, रक्षक देवतांना मद्य, हे सगळं कर्मकांडच वाटणार. बुद्ध एक, पण घर अगदी वेगळं. अनादर नाही, पण हेच बुद्धधर्माचं रूप आहे असं कुणी समजू नये.

चैत्य
नागवेल, फरक आहेच आणि तो झाकायचं कारण नाही. भूतानची परंपरा वज्रयानाची, म्हणजे तंत्रमार्गी बौद्ध. पश्चिमेकडे द्रुक्पा काग्यू पंथाचा, मध्य आणि पूर्वेकडे न्यिंगमा पंथाचा जोर. नवयानाने, म्हणजे बाबासाहेबांच्या वाटेने, जे बाजूला ठेवलं, त्यातलं पुष्कळसं तिथे केंद्रस्थानी आहे. पण त्रिशरण तेच आणि पंचशील तेच. आणि एक दुवा तर महाराष्ट्रातच आहे. भूतानच्या बऱ्याच ल्हाखांगांच्या ओसरीत भिंतीवर भवचक्र रंगवलेलं असतं. मधे डुक्कर, साप आणि कोंबडा, म्हणजे मोह, द्वेष आणि लोभ, बाहेर जन्माच्या गती, आणि सगळं चक्र एका भयंकर आकृतीने धरलेलं. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात हेच चक्र ओसरीच्या डाव्या भिंतीवर आहे, खूप झडलेलं पण ओळखू येणारं. ओसरीत, म्हणजे आत शिरणाऱ्याला आधी दिसेल अशा जागी. मांडणीचा हा विचार भूतानमध्ये आजही चालू आहे.

नागवेल
भवचक्राचं माहीत नव्हतं. धन्यवाद. पुढच्या अजिंठा भेटीत मुद्दाम ओसरीत थांबेन. एकोणपन्नास दिवसांबद्दल मत तेच.

मृदुगंध
त्या कणकेच्या शिल्पांबद्दल कुणी सांगेल का? फोटोत तर फुलांसारखी दिसतात.

कौलारू
तोर्मा. तिबेटात भाजलेल्या जवाच्या पिठाचे करतात, भूतानमध्ये तांदूळ, गहू किंवा मक्याचं पीठही वापरतात. पीठ गरम पाण्यात घट्ट मळायचं, हाताला थोडं तूप. पीठ कोरडं राहिलं तर रात्रीत भेगा पडतात, सैल झालं तर शिल्प बसकं होतं. कुठल्या देवतेला कोणता आकार हे ठरलेलं असतं, मनाने करत नाहीत. साधारण शांत देवतांचे पांढरे, रक्षकांचे लाल.

पुढची रंगीत फुलं लोण्याची. गार पाण्याचं भांडं शेजारी ठेवून बोटं सारखी बुडवत काम करावं लागतं, नाहीतर हाताच्या उबेने लोणी पाघळतं आणि पाकळीची कड जाते. पाकळ्या अंगठ्याने दाबून एवढ्या पातळ करतात की प्रकाश आरपार दिसावा. आता उकाड्याच्या भागात टिकावं म्हणून मेण मिसळतात. विधी संपला की तोर्मा बाहेर पक्ष्यांना ठेवतात. घरातल्या वार्षिक पूजेत, म्हणजे लोछोत, गोमछेन आदल्या दिवशी येऊन हेच करत बसलेले दिसतील. गोमछेन म्हणजे संसार करणारे, शेती करणारे साधक. लाल वस्त्रातला प्रत्येक माणूस मठातला भिक्खू नसतो. लोछो साधारण पिकं हाती आल्यावर, हिवाळ्याकडे.

तांबूल
आणि तोर्मांच्या शेजारी मारी बिस्किटं, ज्यूसचे डबे, वेफर्स! हे बघून हसू नका, सगळा नैवेद्यच आहे. पाकिटं फोडत नाहीत. पूजा झाली की मुलांना आणि आलेल्यांना वाटून टाकतात. त्यामुळे काय न्यावं याचं सोपं उत्तर: बंद पाकीट, चांगला सुका मेवा, तुपाची पुडी किंवा धूप. थिंफूत नादो पोइझोखांगमध्ये हाताने केलेला धूप मिळतो. मांस नेऊ नका. भूतानी पंचांगाच्या पहिल्या आणि चौथ्या महिन्यात तर मांसविक्रीच बंद असते, त्या काळात गेलात तर हॉटेलात जे असेल ते आधीच साठवलेलं.

डोंगरवाट
सांजवातताई, घराच्या छपरावर नजर टाका. मधोमध एक लहान पताका दिसेल, पांढरी, कडेला रंगीत फिती. ती गोएनदार. वार्षिक पूजेला बदलतात. झोंगांसमोर ती भलीमोठी, वर रेशमी छत्री असलेली, ती ल्हादार. ती दिसली की स्थानिक माणूस पूर्ण पोशाखात आत जातो: पुरुष घो (अंगरखा) आणि त्यावर कबने (उपरणं), बाई किरा (लांब वस्त्र) आणि खांद्यावर राछू (पट्टा). आपण पूर्ण बाह्यांचे कपडे घालायचे, टोपी आणि छत्री बाहेर.

डोंगरावर ओळीने उभे पांढरे उंच खांब म्हणजे मनीदार. माणूस गेल्यावर त्याच्यासाठी, शक्यतो १०८, नदी दिसेल अशा उंच जागी. मजकूर अवलोकितेश्वराच्या, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाच्या मंत्राचा. अडचण अशी की खांब दर वेळी नवे लागतात, जुने परत वापरू नयेत असं मानतात. सरळ वाढलेली कोवळी झाडंच त्यासाठी तोडली जात. देशाच्या २००८ च्या संविधानात ६० टक्के जमीन कायम जंगलाखाली ठेवण्याची अट आहे, त्यामुळे हा प्रश्न गंभीरपणे घेतला गेला आणि बांबू वापरण्याचा आग्रह सुरू झाला.

प्रवाशांनी लावायच्या त्या आडव्या माळा. रंगांचा क्रम निळा, पांढरा, लाल, हिरवा, पिवळा: आकाश, वारा, अग्नी, पाणी, पृथ्वी. सुती घ्या. नायलॉनच्या वर्षानुवर्षं कुजत नाहीत आणि नदीत लोंबत राहतात. झाडाच्या खोडाला घट्ट गाठ मारू नका, खोड जाड होत जातं आणि दोरी सालीत रुतते. पताका जमिनीला लागू देऊ नये. आणि दिवस विचारल्याशिवाय बांधू नये. पंचांगात पताकांसाठी वर्ज्य दिवस असतात.

तिथीवार
पंचांगावरून सांगतो, कारण छेचूच्या तारखांत हमखास गोंधळ होतो. भूतानी महिना चांद्र, पौर्णिमा पंधरावी. त्यांच्याकडेही तिथीचा क्षय आणि वृद्धी आहे, फक्त दाखवण्याची रीत निराळी. क्षय झालेली तारीख सरळ गाळतात, म्हणजे नववीनंतर अकरावी. वृद्धी झाली की एकच तारीख दोन दिवस. अधिक महिनाही असतो. म्हणून मागच्या वर्षीच्या इंग्रजी तारखेवरून तिकिटं काढू नका.

छेचू म्हणजे दशमी, गुरु रिंपोछेंचा दिवस. पण पारोचा उत्सव दुसऱ्या महिन्याच्या अकरावी ते पंधरावीला. शेवटच्या दिवशी पहाटे थोंगद्रेल उलगडतात. इमारतीच्या भिंतीएवढं कापडाच्या तुकड्यांचं शिवलेलं चित्र. ऊन थेट पडायच्या आत गुंडाळून ठेवतात, रेशमाचे रंग उडू नयेत म्हणूनही. सूर्योदयाला पोचू म्हणाल तर गुंडाळी बघाल. अंधारातच निघा, आणि थंडीचे कपडे भरपूर.

निळावंती
मघाशी रक्षक देवतांना मद्य म्हणालात, ते चोशममध्येच ठेवतात का?

चैत्य
त्याला सेरक्येम म्हणतात. वाडग्यात उभा केलेला उंच पेला असतो, त्यात मद्य किंवा चहा. इथे नियम नेमका उलटा आहे. पाण्याची वाटी सांडायची नाही, आणि हा पेला मात्र भरून वाहीपर्यंत ओतायचा, ओघळ खालच्या वाडग्यात. चोशमच्या एका बाजूला ते भांडं दिसेल, हात लावू नका. मोठ्या मंदिरांत रक्षकांची वेगळी खोली असते, गोएनखांग. तिथे स्त्रियांना परंपरेने प्रवेश नाही. दारावर पडदा असतो, विचारूनच पुढे व्हा. हा नियम मलाही पटत नाही, पण पाहुण्याने तिथे वाद घालू नये.

सांजवात
सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं बारकाईने कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. पण झोपण्याचा मूळ प्रश्न अजून तसाच आहे!

कौलारू
खरंच की. घ्या.

डोकं चोशमकडे, पाय दुसरीकडे. खोली लहान असेल तर आडवं, चोशमला समांतर झोपायचं, पण तळवे मूर्तीकडे नकोत. बसतानाही मांडी घालून किंवा पाय मागे दुमडून. दोघींच्या गाद्या असतील तर चोशमपुढची वाट मोकळी सोडा. यजमानीण पहाटे, तुम्ही झोपेत असतानाच, वाट्या भरायला येईल. तिला तुम्हाला ओलांडून जावं लागू नये. ओले कपडे, मोजे, अंतर्वस्त्रं त्या खोलीत वाळत घालायची नाहीत. लाकडी खुंटी कितीही सोयीची दिसली तरी. मोबाईलचा चार्जर चोशमच्या फळीवर ठेवू नका. रात्री दिवा तेवत असेल तर तो तसाच राहू द्या, त्याच्या शेजारी पिशव्या किंवा ओढणी नको.

अभ्रक
भर घालतो. खोलीत पहिल्यांदा शिरताना यजमान तीनदा साष्टांग घालतील. हात जोडून कपाळ, कंठ, छाती, मग गुडघे, तळहात आणि कपाळ जमिनीला. तुम्ही नुसता नमस्कार केलात तरी चालतं, कुणी वाईट मानत नाही. दक्षिणा चोशमच्या फळीवर ठेवा, वाट्यांत नाणी टाकू नका. पर्यटक हे करतात आणि पाणी बाद होतं. कुणी कलशातलं पाणी दिलं, मोरपीस खोचलेल्या बुम्पातून, तर उजव्या हाताची ओंजळ डाव्यावर धरून घ्यायचं, घोटभर प्यायचं आणि उरलेलं डोक्याला लावायचं. छोर्तेन किंवा माने-चाकाच्या (मंत्रांच्या फिरत्या चाकाच्या) बाजूने जाताना ते कायम आपल्या उजव्या हाताला. चाकही प्रदक्षिणेच्या दिशेनेच फिरवायचं, आधीच फिरतं असेल तर हाताने थांबवायचं नाही.

सांजवात
सकाळी वाट्या भरताना आम्ही मदत केली तर चालेल का?

चैत्य
आपणहून हात घालू नका, पण विचारा. बहुतेक घरांत आनंदाने किटली हातात देतील. हात धुवा, बाह्या वर करा, लोंबणारी ओढणी खोचून घ्या आणि डावीकडून सुरू करा. शेवटच्या वाटीला पाणी कमी पडलं तर आधीच्या वाटीतून काढून घालायचं नाही, किटली पुन्हा भरून आणायची.